कार्ब्युरेटर : दोषनिदान व दुरुस्ती

लहान पेट्रोल एंजिनात हवा व पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळणाऱ्या उपकरणातील बिघाड शोधून तो काढणे. जनित्र, पाण्याचा पंप, साखळी करवत, मोपेड ही अशा एंजिनांची परिचित उदाहरणे. पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा वाढली की मिश्रण ‘लीन’, पेट्रोल वाढले की ‘रिच’; बहुतेक दोष अखेर या दोहोंपैकी एकात मोडतात.

आरंभीच्या कार्ब्युरेटरांत हवा पेट्रोलच्या पृष्ठावरून जाताना वाफ घेऊन येई. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या पेटंटातील तीनचाकीत हीच रीत होती. तीत बारीक जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्राची तोटी) नसल्याने जेट तुंबण्याचा आजचा मुख्य रोग तिला ठाऊक नव्हता. जेटमधून पेट्रोल फवारण्याची कल्पना प्रथम कोणाची, याबद्दल मात्र वाद आहे. दोनात बांकी व यानोश चोंका यांचे हंगेरियन पेटंट फेब्रुवारी १८९३ मधील. जर्मनीचे व्हिल्हेल्म मायबाख यांचे त्याच वर्षीचे, पण काही महिन्यांनंतरचे मानतात. फुले विकणारी मुलगी फुलांवर पाणी फवारताना दिसली आणि त्यावरून ही कल्पना सुचली, ही हंगेरीत सांगितली जाणारी कथा आख्यायिकाच समजावी. इंग्लंडच्या एडवर्ड बटलर यांच्या तीनचाकीचे (सु. १८८८) नावही या संदर्भात घेतले जाते. बांकी–चोंका व मायबाख या दोन पेटंटांच्या तारखा पाहता अग्रमान बांकी–चोंका यांच्याकडे जातो. प्रसार मात्र मायबाख यांच्या रचनेचा अधिक झाला.

कार्ब्युरेटरात पेट्रोल साठवणाऱ्या फ्लोट चेंबरमध्ये पातळी चढली की फ्लोट (पोकळ तरंगता भाग) वर येतो व सुई तिच्या बैठकीवर दाबून पुरवठा बंद करतो. सुईच्या टोकाला झिजून वळ पडला किंवा बैठकीत कचऱ्याचा कण अडकला, की पेट्रोल ओव्हरफ्लो होते. फ्लोटला छिद्र असल्यास तो कानाशी हलवताच आत पेट्रोल डचमळते. गरम पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे निघून छिद्राची जागाही कळते.

सर्वांत नित्याचा दोष पायलट जेट (मंद चालीसाठी पेट्रोल देणारा जेट) तुंबण्याचा. एंजिन काही महिने पडून राहिले, की चेंबरमधले पेट्रोल उडून जाते आणि मागे तपकिरी, चिकट थर उरतो. पायलट जेटचे छिद्र बहुधा अर्ध्या मिमी.पेक्षाही लहान, त्यामुळे ते आधी बुजते. मग एंजिन चोकवरच (हवा अडवून मिश्रण रिच करणाऱ्या झडपेवरच) चालते, चोक सोडला की बंद पडते, किंवा त्याचा वेग सारखा चढत-उतरत राहतो. तापलेल्या एंजिनाची चाल अर्ध्या चोकवर सुधारली, तर मिश्रण लीन आहे असे धरावे. मात्र दोष जेटचा की गॅस्केटमधून (सांधा हवाबंद करणाऱ्या पट्टीतून) शिरणाऱ्या हवेचा, हे एवढ्यावरून ठरत नाही. स्पार्क प्लगवर कोरडी काळी काजळी दिसल्यास मिश्रण रिच. अशा वेळी आधी एअर फिल्टर पाहावा. टाकीच्या झाकणाचे श्वासछिद्र बुजले असेल, तर एंजिन थोडा वेळ नीट चालून बंद पडते आणि झाकण सैल करताच पुन्हा चालू होते. या एका छिद्रापायी कार्ब्युरेटर विनाकारण खोलला जातो.

काढलेला जेट उजेडासमोर धरावा. प्रकाशाचा ठिपका वाटोळा दिसला तर ठीक. चंद्रकोर दिसली तर थर अजून शिल्लक आहे. तो विद्रावकात भिजवून दाबाच्या हवेने उडवावा. विद्रावकाने रबरी वायसर फुगतात, म्हणून ते आधी काढून ठेवतात. पोलादी तार घालू नये : ०.४० मिमी. छिद्र ०.४४ मिमी. झाले, तरी क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते आणि तो जेट मग पूर्वीचा राहत नाही.

मिश्रणाचे प्रमाण जुळवणारा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलकेच पूर्ण आवळून किती फेरे बसतात ते मोजून ठेवावे. जोराने आवळल्यास टोक व बैठक दोन्ही बिघडतात. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल, तर तो सहसा हवेचा असतो व सैल केल्याने मिश्रण लीन होते. एंजिनाच्या बाजूचा स्क्रू बहुधा इंधनाचा, त्याचा परिणाम उलट. या घोटाळ्यातून पुष्कळ चुकीचे ट्यूनिंग होते. तेलमिश्रित पेट्रोलवर चालणाऱ्या द्विधाव (टू-स्ट्रोक) एंजिनात लीन मिश्रण विशेष घातक, कारण पेट्रोल घटले की वंगणही घटते व पिस्टन जाम होऊ शकतो.

साखळी करवतीसारख्या, कोणत्याही कोनात चालवाव्या लागणाऱ्या यंत्रांत फ्लोटऐवजी पातळ पडदा असतो. तो कडक झाला की बदलतात.