‘ब्लॅक बुक’ आले कुठून?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये शेवटच्या वर्षाचा प्रकल्प अहवाल ‘ब्लॅक बुक’ या नावानेच ओळखला जातो. काळी रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरे, आत प्रमाणपत्र, आभार, अनुक्रमणिका आणि मग प्रकरणे, असा साचा त्यांच्या हाती तयार येतो. तो असा का, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

या साच्याचे मूळ परीक्षेत नाही, ते अभियंत्याच्या कामाच्या अहवालात आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधील अभियंते जॉन स्मीटन बंदरे, कालवे आणि पूल यांविषयी लेखी अहवाल देत असत. ज्यांनी पैसा घालायचा ते तंत्र जाणणारे असतीलच असे नव्हते, म्हणून जागेवर काय आढळले, काय करावे आणि खर्च किती येईल, हे त्यांना उलगडून सांगावे लागे. स्मीटन यांच्या मृत्यूनंतर, 1812 साली, हे अहवाल तीन खंडांत छापले गेले.

हिंदुस्थानात 1847 मध्ये रुडकीला आणि 1854 मध्ये पुण्याला अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले. पुण्याचा वर्ग तर सार्वजनिक बांधकाम खात्यातील कनिष्ठ पदांसाठीच होता. कामावरचा माणूस एका ठिकाणी आणि मंजुरी देणारा दुसऱ्या ठिकाणी, हे अंतर कोकणात विशेष जाणवणारे होते. खाड्या ओलांडायला होडी, घाटातून बैलगाडी, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या बोटी बंद. अशा वेळी वरिष्ठांना जागा दिसायची ती कागदावरच.

कोकणातील मुले पुढे बराच काळ या शिक्षणासाठी मुंबई, पुणे, सांगली किंवा कऱ्हाड गाठत राहिली. 1989 मध्ये लोणेरे येथे तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले आणि नव्वदच्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातही महाविद्यालये निघाली. त्याच दशकात कोकण रेल्वे बांधली जात होती. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवल नदीवरचा 64 मीटर उंच पूल अगदी घराजवळ उभे राहत होते.

याच सुमारास टंकलेखन यंत्र जाऊन संगणक आला. पान पुन्हा टाइप करण्याचे कष्ट वाचले, पण मागच्या बॅचचे ‘ब्लॅक बुक’ उतरवणेही सोपे झाले, आणि माझ्या मते खरे नुकसान तिथे झाले. पुस्तकातून उचललेला सिद्धांत तीस पाने आणि स्वतःची चाचणी दोन पाने, असे अहवाल मी पुष्कळ वाचले आहेत.

जांभ्या चिऱ्यावरचा प्रकल्प घ्या, तो आमच्याकडे नेहमीचा. ‘दाबशक्ती समाधानकारक आढळली’ या वाक्यातून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. भिजलेल्या चिऱ्याची ताकद कोरड्यापेक्षा कमी भरते, आणि कोकणातली भिंत वर्षाचे चार महिने पाऊस खाते. म्हणून चिरा कोणत्या खाणीतला, तो किती वेळ पाण्यात ठेवला, किती नमुने दाबून पाहिले आणि त्यांतले किती अपेक्षेआधीच फुटले, हे लिहिल्याखेरीज सरासरीचा आकडा राजापूरला घर बांधणाऱ्याच्या कामाचा नाही.