हूड नावाचं कासव

'चेलोनॉयडिस हूडेन्सिस'. प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस द्वीपसमूहाच्या एस्पॅन्योला बेटावरच्या महाकाय कासवाचं हे शास्त्रीय नाव. यातला हूड म्हणजे ब्रिटिश अ‍ॅडमिरल सॅम्युअल हूड. इंग्रजी नकाशांत या बेटाला त्याचंच नाव होतं.

सॅम्युअल आणि अलेक्झांडर ही इंग्लंडमधल्या बटली गावच्या पाद्र्याची मुलं. एका नौदल कप्तानाची बग्गी गावात मोडली, तो रात्री पाद्र्याकडे मुक्कामाला राहिला आणि मुलांना समुद्राची वाट सापडली, असं सांगतात. १७४१ च्या सुमारास नौदलात गेलेले हे दोघेही पुढे अ‍ॅडमिरल झाले. त्यांच्या भाऊबंदांतल्या एका पोराला, जेमतेम सोळाव्या वर्षी, दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या जहाजावरून प्रशांत महासागरातल्या मार्केसास द्वीपसमूहातलं एक बेट पहिल्यांदा दिसलं. त्या पोराचा भाऊ, तोही सॅम्युअलच, १८१४ साली मद्रासला वारला.

अमेरिकेतलं ३,४२९ मीटर उंचीचं माउंट हूड हे ज्वालामुखी शिखरही कासवाच्या नावातल्या अ‍ॅडमिरल सॅम्युअल हूडच्याच नावाचं. १७९२ साली लेफ्टनंट ब्रॉटनने ते नाव दिलं, तेव्हा हूड लंडनला नौदलाच्या कारभारी मंडळावर होता. ब्रॉटनने लांबून पाहिलेलं ते शांत, पांढरं शिखर जेमतेम दहा वर्षांपूर्वी धगधगत होतं. १७८१-८२ च्या सुमारास वर साचलेला लाव्हा ढासळला, बर्फ वितळलं आणि राख-दगडांचा चिखल सँडी नदीत उतरला. १८०५ साली अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळणारे लुईस आणि क्लार्क तिथे पोचले, तेव्हाही नदीचं मुख रेतीने इतकं भरलेलं होतं की त्यांनी तिला रुतणाऱ्या वाळूची नदी म्हटलं.

पण मला जास्त ओढ वाटते ती कासवाची. त्याची पाठ मानेशी घोड्याच्या खोगिरासारखी वर उचललेली असते. त्यामुळे मान उंच ताणून निवडुंगाची पानं खाता येतात. हा निवडुंग म्हणजे आपल्या फड्या निवडुंगाचाच भाऊबंद, फक्त झाडासारखा वाढलेला. अन्नपाण्याशिवाय ही कासवं कित्येक महिने जगतात आणि हाच गुण त्यांच्या जिवावर उठला. देवमाशांची शिकार करणारे खलाशी जहाजाच्या तळाशी ती जिवंत रचून ठेवत, ताज्या मांसासाठी. उरलेल्यांचा चारा बेटावर सोडलेल्या शेळ्यांनी संपवला.

१९६३ ते १९७४ या काळात अख्ख्या बेटावर चौदाच कासवं सापडली: बारा माद्या, दोन नर. तीही इतकी विखुरलेली, की त्यांची गाठ पडणंच अशक्य. सगळ्यांना गॅलापागोसमधल्याच सांताक्रूझ बेटावरच्या प्रजनन केंद्रात आणलं. तिसरा नर सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात निघाला. त्याचं नाव दिएगो.

कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे उबेवर ठरतं. साधारण २८ अंश सेल्सिअसला नर, २९.५ ला माद्या. दीड अंशाचा फरक! केंद्रातल्या लोकांनी तापमान सांभाळून माद्या जास्त निघतील असं पाहिलं. १९७८ पर्यंत बेटावरच्या शेळ्याही संपवल्या. पिल्लं परत सोडायला १९७५ मध्येच सुरुवात झाली होती. पुढे बेटावरची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

जून २०२० मध्ये शंभरी ओलांडलेला दिएगो आपल्या सोबत्यांसह बोटीने एस्पॅन्योलाला परतला. किनाऱ्यापासून निवडुंगाच्या रानापर्यंत वनरक्षकांनी त्या सगळ्यांना पाठुंगळी घेऊन पोचवलं.