डीव्हीआरमधील निवडक फुटेज मिळवण्याची प्रक्रिया: पात्रता, कागदपत्रे आणि प्रमाणपत्र

सीसीटीव्हीचे चित्रण रेकॉर्डरमध्ये (डीव्हीआरमध्ये) कायमचे साठून राहत नाही. हार्ड डिस्क भरली की सर्वांत जुन्या चित्रणावर नवे चित्रण उमटू लागते. चार कॅमेरे प्रत्येकी सेकंदाला २ मेगाबिट या दराने अखंड चालत असतील, तर दिवसाला सुमारे ८६ जीबी जागा लागते आणि १ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते. कॅमेरे आठ असतील, तर सहा दिवसही पुरत नाहीत. मुंबईत मी राहतो त्या इमारतीत पार्किंगमधून दुचाकी चोरीला गेली, तेव्हा कमिटीची बैठक होईपर्यंत अर्ज तसाच पडून राहिला आणि बैठकीच्या दिवशी डिस्कवर त्या रात्रीचे काहीही उरले नव्हते. म्हणून अर्ज ज्या दिवशी द्याल त्याच दिवशी ते चित्रण पुसले जाणार नाही याची तजवीज करून घ्यावी. अनेक रेकॉर्डरमध्ये ठरावीक फाइल ‘लॉक’ करण्याची सोय असते; ती नसेल, तर परवानगीची चर्चा चालू असतानाच सेक्रेटरींच्या समक्ष प्रत काढून त्यांच्याच ताब्यात ठेवावी.

स्वतःच्या घरातील रेकॉर्डरसाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. इमारतीच्या रेकॉर्डरचा ताबा मात्र सोसायटीकडे असतो. म्हणून सभासदाने सेक्रेटरींच्या नावे लेखी अर्ज द्यावा आणि भाडेकरूने तो घरमालकाच्या सहीसह दिल्यास हरकतीला जागा राहत नाही. अर्जात घटनेची तारीख, हवा असलेला कालावधी मिनिटांसह, कॅमेऱ्याची जागा (मुख्य फाटक, लिफ्टची लॉबी, पार्किंग) आणि कारण लिहावे. ‘त्या दिवसाचे सगळे फुटेज द्यावे’ असा अर्ज करू नये, कारण त्यात शेजाऱ्यांची ये-जा, मुले, घरकामाच्या मावशी असे ज्यांचा घटनेशी संबंध नाही तेही येतात आणि त्यांच्या खासगीपणाची जबाबदारी सोसायटीवर असते. सोबत ओळखपत्राची प्रत आणि पोलिसांत तक्रार झाली असल्यास तिची प्रत जोडावी. गुन्हा नोंदवला गेला असेल, तर प्रथम खबरी अहवालाची प्रत माहिती देणाऱ्याला विनामूल्य मिळते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेण्यास विसरू नये.

प्रत काढण्याआधी रेकॉर्डरच्या पडद्यावरील वेळ मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहावी आणि फरक कागदावर नोंदवावा. घड्याळ सात मिनिटे पुढे असेल, तर रात्री २ वाजताची घटना रेकॉर्डरमध्ये २ वाजून ७ मिनिटांवर सापडेल. हे घड्याळ त्या वेळी मुळीच दुरुस्त करू नये. त्यानंतर ‘बॅकअप’ किंवा ‘एक्स्पोर्ट’मध्ये कॅमेरा, सुरुवातीची व शेवटची वेळ निवडून फाइल रिकाम्या पेन ड्राइव्हवर घ्यावी. पेन ड्राइव्ह ओळखला जात नसेल, तर तो बहुधा फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट करावा लागतो. फाइल रेकॉर्डरच्या मूळ स्वरूपात असेल, तर ती चालवणारा प्लेअरही सोबत घ्यावा. पडद्याचे मोबाइलवर केलेले चित्रण किंवा व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल मूळ प्रतीची जागा घेऊ शकत नाही; व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करते, त्यामुळे ती फाइल वेगळीच होते.

न्यायालयात वापरायच्या प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याआधी हीच अट जुन्या कायद्याच्या कलम ६५ब मध्ये होती. जालना विधानसभा मतदारसंघातील उमेदवारी अर्जांच्या वेळेवरून झालेल्या वादात निवडणूक कार्यालयातील चित्रणाचाच प्रश्न उपस्थित झाला होता आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतीसाठी हे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. नव्या नमुन्याचे दोन भाग आहेत. ‘अ’ भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा असून त्यात डीव्हीआरचा मेक, मॉडेल व अनुक्रमांक लिहायचा असतो. ‘ब’ भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. दोन्ही भागांत फाइलचे हॅश मूल्य द्यावे लागते. हे मूल्य म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली अंक-अक्षरांची साखळी होय; फाइलमध्ये तसूभर बदल झाला तरी ती बदलते. त्यामुळे प्रत काढल्याबरोबर, ती फाइल कोठेही उघडून कापण्या-छाटण्याआधी, हॅश काढून कागदावर तारीख-वेळेसह लिहून ठेवावा.

पोलिसांना फुटेज हवे असल्यास पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी आदेश देऊ शकतात. सोसायटीने तो आपल्या कागदपत्रांच्या फाइलला लावावा. रेकॉर्डर किंवा डिस्कच ताब्यात घेतली गेली, तर पंचनाम्यावर तिचा अनुक्रमांक नीट नोंदवला आहे की नाही, हे सही करण्याआधी वाचून पाहावे. डिस्क सोसायटीकडेच राहिली, तर प्रकरण निकाली निघेपर्यंत ती फॉरमॅट करू नये आणि देखभालीच्या कंत्राटदाराला तसे लेखी कळवावे.