एक दिवस चुकला तर?

गेल्या पावसाळ्यात ठाण्याच्या उपवन तलावावर पहाटे साडेपाचला एक काका रोज दिसायचे. उजव्या गुडघ्याला निळी टेप. फेऱ्या संपल्या आणि घड्याळात ९.८० किमी दिसलं, की ते उभ्या स्कूटरींभोवती गोल फिरत राहायचे, १० पुरे होईपर्यंत. ‘काका, दोन दिवस सुट्टी घ्या की,’ मी एकदा म्हटलं. ‘सुट्टी घेतली की दिवसभर घरच्यांवर खेकसतो रे. त्यापेक्षा गुडघा परवडला.’

व्यायामाच्या या व्यसनाचा शोध लागला तो असल्याच उत्तरामुळे, आणि तोही चुकून. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक बेकलँड यांना व्यायाम बंद केल्यावर झोपेचं काय होतं ते पाहायचं होतं. त्यासाठी महिनाभर व्यायाम सोडणारी माणसं हवी होती. आठवड्यात पाच-सहा दिवस घाम गाळणारे पैसे देऊ केले तरी तयार होईनात. शेवटी तीन-चार दिवसवाल्यांवर भागवावं लागलं. त्यांचीही झोप बिघडली, बेचैनी वाढली. हा अभ्यास १९७० साली छापून आला. मला विचाराल तर त्यातला खरा निष्कर्ष नकार देणाऱ्यांकडे होता.

पण तेव्हा अमेरिकेत जॉगिंगची लाट होती. १९७६ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ विल्यम ग्लासर यांनी धावण्याला ‘सकारात्मक व्यसन’ म्हणून चक्क गौरवलं. तीनच वर्षांनी क्रीडा-मानसशास्त्रज्ञ विल्यम मॉर्गन यांनी उलट बाजू मांडली. हाड दुखावलेलं, नोकरी आणि संसार वाऱ्यावर, तरी पाय थांबत नाहीत असे धावपटू त्यांनी पाहिले होते. त्यांची कसोटी साधी होती : रोजच्या व्यायामाशिवाय आपलं चालणारच नाही असं वाटणं आणि तो चुकला की दारू सुटलेल्यासारखी तगमग होणं. किती किलोमीटर, हा प्रश्नच त्यात नव्हता.

१९८७ मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड व्हील यांनी आणखी एक गाठ सोडवली. काहींना व्यायामाचीच ओढ असते; काहींचा व्यायाम म्हणजे खाल्लेलं जाळण्याचा मार्ग, मूळ आजार आहाराचा. दुसऱ्या प्रकारात नुसता व्यायाम थांबवून भागत नाही. जिमवाल्या पोरांचं दुखणं त्याहून उलटं : दंड भरलेले असूनही आरशात स्वतः काटकुळाच दिसणं. हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याला वेगळं नाव दिलं.

आपल्याकडे अतिव्यायामाची बजावणी फार जुनी. सुश्रुत सांगतो, व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, नाहीतर तो मारतो. चरकाने तर अतिव्यायामाने होणारे विकारच मोजलेत : थकवा, क्षय, तहान, खोकला, ताप, उलटी. अति करणारा माणूस हत्तीला ओढणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो, हा दृष्टान्तही त्याचाच. पण ही ताकीद शरीरापुरती. मनाच्या ओढीला मराठीत शब्द होता तो ‘नाद’, आणि पोराला तालमीचा नाद लागला म्हणजे घरचे खूशच व्हायचे. निदान तालमीत ‘आज पुरे’ म्हणायला वस्ताद असायचा. मनगटावरच्या वस्तादाला ते ठाऊक नाही.

२००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली. आता उपवन, येऊरचा चढ आणि पाम बीच रोड पहाटे धावणाऱ्यांनी गजबजतात, ही चांगलीच गोष्ट. योगायोगाने त्याच वर्षी ब्रिटनमधल्या संशोधकांची हे व्यसन ओळखायची सहा प्रश्नांची चाचणीही आली. व्यायाम हीच आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे का, त्यावरून घरात खटके उडतात का, चुकला तर चिडचिड होते का, अशा धर्तीचे प्रश्न.

तरी अधिकृत शिक्का अजून नाही. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या आजार-सूचीत जुगार व्यसनांत गेला, व्यायाम पुराव्याअभावी बाहेर राहिला. त्यामुळे अशी माणसं बहुधा हाडांच्या डॉक्टरकडे पोचतात. एक्स-रे निघतो, सहा आठवडे विश्रांती लिहून मिळते. काकांनाही मिळाली होती. दुसऱ्या आठवड्यात ते उपवनलाच होते, टेप नवी.