औषधाआधी माणसं: संशोधनातला पहिला तक्ता

मिरजेच्या एखाद्या वॉर्डात विजापूरकडचा कानडी बोलणारा शेतकरी, जतचा मेंढपाळ आणि सांगलीचा हळदीचा व्यापारी शेजारशेजारच्या खाटांवर असू शकतात. अशा पेशंटांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष कऱ्हाडच्या सत्तरीतल्या आजींना लागू पडेल का? त्याचं उत्तर शोधायला शोधनिबंधातला पहिला तक्ता बघावा लागतो. वय, स्त्री-पुरुष, वजन, बीपी, शुगर, तंबाखू: उपचाराआधी ही माणसं कशी होती, ते त्यात असतं. डॉक्टर मंडळी त्याला ‘टेबल वन’ म्हणतात.

ही पद्धत जुनी आहे. 1948 साली ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. 107 रुग्ण होते. 55 जणांना औषध, 52 जणांना फक्त विश्रांती. दाखल होताना दोन्ही गटांची प्रकृती कशी होती, ताप किती होता, हे निबंधात आधीच मांडलं होतं. तेव्हा ही मोजदाद हातानं व्हायची. आता ‘आर’ या मोफत संगणकभाषेत ‘टेबलवन’ किंवा ‘जीटीसमरी’ ही तक्ते बनवणारी तयार साधनं वापरली, की शेकडो रुग्णांचा तक्ता काही सेकंदांत तयार. थिसिस लिहिणाऱ्या पीजीच्या विद्यार्थ्याच्या कितीतरी रात्री वाचतात.

पण तक्त्यात काय दिसावं, हे कोण ठरवतं? समजा, सात रुग्ण 2, 2, 3, 3, 4, 4 आणि 38 दिवस दाखल होते. सरासरी येते 8 दिवस, आणि आठ दिवस तर कुणीच राहिलेलं नाही! मधली संख्या, म्हणजे मध्यक, 3. तो खरं चित्र दाखवतो. ‘टेबलवन’ला वेगळं सांगितलं नाही तर ते सरासरी देतं, ‘जीटीसमरी’ सहसा मध्यक. म्हणजे त्याच रुग्णांची दोन वेगळी चित्रं निघू शकतात, आणि आपण निवड केली हे विद्यार्थ्याच्या लक्षातही येत नाही.

कोऱ्या रकान्यांचंही तसंच. किती जणांची शुगर तपासलीच नाही, हे ‘जीटीसमरी’ आपणहून वेगळ्या ओळीत दाखवतं. ‘टेबलवन’ला विचारावं लागतं. मला ही ओळ फार मोलाची वाटते. तपासणी राहून गेलेले पेशंट बऱ्याचदा अगदी गरीब किंवा अगदी अत्यवस्थ असतात. ते गळले की उरलेल्यांची प्रकृती आहे त्याहून चांगली दिसते.

आणखी एक खोड मोडायला हवी: प्रत्येक ओळीपुढे पी-व्हॅल्यू लावण्याची. पी-व्हॅल्यू म्हणजे गटांत खरा फरक नसताना निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले असतील, तर सुरुवातीचा फरक योगायोगानंच आलेला असतो. मग ‘हा योगायोग आहे का’ हे तपासून काय साधणार? वीस ओळी तपासल्या तर सरासरी एखादी निव्वळ नशिबानंच 0.05 या रूढ मर्यादेच्या खाली जाते. चाचण्यांच्या मांडणीचे ‘कन्सॉर्ट’ हे आंतरराष्ट्रीय नियमही याच्या विरोधात आहेत. फरक केवढा आहे आणि तो आजारावर परिणाम करणाऱ्या गोष्टीत आहे का, ते बघावं. एका गटात तंबाखू खाणारे दुप्पट असतील आणि अभ्यास तोंडाच्या कॅन्सरचा असेल, तर पी-व्हॅल्यू काहीही असो, विश्लेषणात त्याचा हिशेब धरलाच पाहिजे.