दमन आणि संयम: बाहेरून सारखे, आतून उलटे

राग आला, पण तोंडातून अक्षर निघालं नाही. ही एकच घटना दमन असू शकते किंवा संयम. समोरच्याला फरक दिसत नाही, आणि ज्याला राग आला त्यालाही तो बरेचदा कळत नाही. खरी अडचण ही दुसरी आहे.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सहावा आणि सातवा श्लोक या दोघांना शेजारी उभे करतात. सहाव्यातल्या माणसाने कर्मेंद्रियं आवरून धरली आहेत, मन मात्र विषय आठवत बसलं आहे. तो ‘मिथ्याचार’. आपण त्याचा अर्थ ‘ढोंगी’ असा लावून पुढे जातो आणि त्याच श्लोकातला ‘विमूढात्मा’ हा शब्द निसटतो. ढोंग करणाऱ्याला आपलं ढोंग ठाऊक असतं, विमूढाला नसतं. सातव्यातला माणूसही इंद्रियं आवरतोच, पण ‘मनसा’, मनाने, आणि तो कामाला लागलेला आहे.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने 1915 च्या निबंधात दमनाचं सार सांगितलं ते असं: एखादी गोष्ट जाणिवेपासून दूर सारणं आणि दूर ठेवत राहणं. यातला ‘ठेवत राहणं’ हा भाग महत्त्वाचा. एकदा सारून काम संपत नाही, त्यासाठी सतत जोर लावावा लागतो. संयमात मात्र वासना जाणिवेतच असते. ‘मला याचा हेवा वाटतोय’ हे माणसाला स्वच्छ दिसत असतं आणि तरी तो त्या हेव्याच्या सांगण्यावरून काही करत नाही.

शब्दांनीही थोडा घोळ घातला आहे. मराठीत जाणूनबुजून दाबणं आणि नकळत दडपलं जाणं या दोन्हींना आपण ‘दमन’ म्हणतो. ‘निग्रह’ तर गीतेतच दोन्ही बाजूंनी येतो. ‘निग्रह काय करणार?’ असं तिसऱ्या अध्यायात (3.33) विचारलं आहे. सहाव्यात अर्जुन मनाचा निग्रह वाऱ्याच्या निग्रहाइतका अवघड म्हणतो, तेव्हा उत्तर मिळतं की अभ्यास आणि वैराग्य यांनी तो साधतो. म्हणून शब्दावर न जाता क्रिया पाहावी.

क्रिया पाहायला सर्वांत बारीक भिंग पतंजलीच्या योगसूत्रांनी दिलं आहे. क्लेशांच्या, म्हणजे मनाला जाचणाऱ्या मूळ दोषांच्या, चार अवस्था तिथे (2.4) सांगितल्या आहेत: प्रसुप्त, तनु, विच्छिन्न आणि उदार. उदार म्हणजे उघड उसळलेला, प्रसुप्त म्हणजे बीजरूपाने निजलेला. घोळ होतो तो मधल्या दोघांत. तनु क्लेश साधनेने खरोखर पातळ झालेला असतो. विच्छिन्न क्लेश दुसऱ्या वृत्तीने तेवढ्यापुरता मागे रेटलेला असतो, त्याचं बळ कायम असतं. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यातलं उदाहरण आहे की प्रेमाच्या क्षणी क्रोध दिसत नाही, म्हणून तो नाहीसा झाला असं होत नाही. दमनाची सगळी फसगत एका वाक्यात मांडायची तर ती अशी: विच्छिन्नाला तनु समजणं. महिनाभर राग आला नाही म्हणजे राग जिंकला असं वाटतं, आणि मग क्षुल्लक कारणावर तो पूर्ण वजनानिशी परततो. पातळ झालेला राग परतला तर पातळच परततो. पारख इथे करावी, राग किती वेळा आला हे मोजून नव्हे.

गीतेचा ‘रसवर्जं’ (2.59) हेच सांगतो. उपाशी राहणाऱ्याचे विषय सुटतात, गोडी सुटत नाही. ज्ञानेश्वरीत या श्लोकावर झाडाचा दृष्टांत येतो: वरवर पालवी खुडायची आणि मुळाशी पाणी घालायचं, तर ते झाड नष्ट कसं होणार?

मग मुळाशी जायचं कसं? योगसूत्रांतली ‘प्रतिपक्षभावना’ (2.33) म्हणजे वाईट विचार आला की त्याजागी चांगला आणायचा, असं सहसा शिकवलं जातं. एवढंच केलं तर तेही सफाईदार दमन होऊ शकतं. पुढचं सूत्र (2.34) वाचलं की कृती किती नेमकी आहे ते दिसतं. हिंसेसारखा वितर्क, म्हणजे वाईट विचार किंवा कृती, मी स्वतः केला, करवला की कोणी केल्यावर त्याला मान डोलावली? मुळात लोभ होता, क्रोध की मोह? जोर मृदू, मध्यम की तीव्र? तीन गुणिले तीन गुणिले तीन, असे 27 प्रकार होतात. त्यातला आपला कोणता हे आधी ठरवायचं, मग त्याचं फळ अखंड दुःख आणि अज्ञान आहे हे पाहायचं. आधी कबुली, मग प्रतिपक्ष. ‘अनुमोदित’, म्हणजे मान डोलावल्याचा, हा रकाना लोक हटकून रिकामा सोडतात, आणि दडपलेलं बहुधा तिथेच सापडतं: स्वतः कधी आवाज न चढवणारा माणूस दुसऱ्याने कुणाला झापलं की मनात सुखावतो.

मज्झिमनिकाय या बौद्ध पाली ग्रंथातल्या विसाव्या सुत्तात अकुशल विचारांवर पाच उपाय क्रमाने दिले आहेत. पहिला, मनाला दुसरं आलंबन, म्हणजे दुसरा विषय, देणं, जसा सुतार बारीक खुंटीने जाड खुंटी ठोकून काढतो. दुसरा, विचाराचे दोष पाहणं. तिसरा, त्याकडे लक्ष न देणं. चौथा, विचार घडवणारा वेग टप्प्याटप्प्याने शांत करणं, जसा भराभर चालणारा हळू चालतो, मग उभा राहतो, बसतो, आडवा होतो. दातावर दात दाबून मनानेच मनाला चिरडणं हा पाचवा, आधीचे चारही फसल्यावरचा. बहुतेक जण सुरुवातच पाचव्याने करतात. त्याची किंमत मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या 1987 च्या प्रयोगात दिसली. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलेल्यांना तो टाळता आला नाहीच. नंतर विचार करायची मुभा मिळाल्यावर, सुरुवातीपासून मुभा असलेल्यांपेक्षा त्यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं.

दमनाचा दुसरा बिघाड बाहेर दिसतो. मानसशास्त्रज्ञ युंगने माणसाच्या नाकारलेल्या बाजूला छाया म्हटलं. ती स्वतःत दिसली नाही की दुसऱ्यात दिसू लागते. गीतेचा सोळावा अध्याय या अंगाने वाचणं धोक्याचं आहे, कारण दंभ, दर्प, क्रोध ही आसुरी यादी वाचताना शेजाऱ्याचा चेहरा चटकन आठवतो. अर्जुनाचं तसं झालेलं दिसत नाही. यादी संपताच कृष्णाला ‘शोक करू नकोस, तू दैवी संपदेचा आहेस’ (16.5) असा धीर द्यावा लागतो, म्हणजे यादी त्याने स्वतःला लावून पाहिली असावी.

दमन नको म्हणून मोकळं होणं, हा गैरसमज तितकाच महाग पडतो. 2002 साली मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी चिडवलेल्या माणसांना, चिडवणाऱ्याचा विचार करत, बॉक्सिंगच्या बॅगेवर ठोसे मारायला लावले. शांत बसवलेल्यांपेक्षा तेच जास्त रागावलेले आणि आक्रमक निघाले. गीतेची साखळी (2.62-63) ‘ध्यायतः’पासून, म्हणजे विषय मनात घोळवण्यापासून सुरू होते: घोळवणं, संग, काम, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश. ठोसे मारताना घोळवणं चालूच असतं. संयमाची जागा पहिल्या कडीवर आहे. क्रोधाच्या कडीवर पोचल्यावर उरतं ते बहुधा दात आवळणं.

त्या कडीवर दात आवळायलाच हवेत. हात उगारला गेला असेल तर 27 प्रकार मोजत बसू नये, हात थांबवावा. पण तो जाणून थांबवलेला असला म्हणजे संध्याकाळी उघडून पाहता येतो: कशाने उगारला, कधीपासून घोळत होतं, कुणी केलं असतं तर आवडलं असतं.