सुट्या भागांची गिटार दुय्यमच असते का?
सुटे भाग जमवून बांधलेली इलेक्ट्रिक गिटार कारखान्यातल्या गिटारपेक्षा कमअस्सलच असते, हा समज चुकीचा आहे. १९५४ मध्ये आलेल्या फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारची नेक (तारा दाबायची लांब दांडी) स्क्रूंनीच बसवलेली होती, जेणेकरून भाग सहज बनवता आणि बदलता यावेत. ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांची ‘ब्लॅकी’ ही गिटार तीन जुन्या स्ट्रॅटोकास्टरच्या भागांतून उभी राहिली आणि २००४ च्या लिलावात तिला ९,५९,५०० डॉलर मिळाले (त्यात वादकाच्या नावाचा वाटा मोठा, हे उघडच आहे). खरी अडचण मापांची असते: नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवरचा तारांचा आधार) ६४८ मिलिमीटर तार धरून केलेल्या बॉडीवर आखूड मापाच्या गिटारची नेक तशीच बसवली, तर ब्रिजची जागा चुकते आणि फ्रेटवरचे (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवरचे) स्वर बेसूर लागतात. शिवाय फ्रेट समतल करणे व नटच्या खाचा घासणे हे कसबी काम उरतेच.